एवढ्या हळू बंदुकीनं लढाया?

परवा नेमबाजीच्या रेंजवर एका मित्राचा भाचा आला होता. कॉलेजातला पोरगा, चौकस, फोन खिशात घालून माझ्यामागे उभा राहून नीट बघत होता हेच विशेष. माझ्या हातात मार्टिनी-हेन्री, दीडशे वर्षांपूर्वीची, एका वेळी एकच गोळी घेणारी ब्रिटिश रायफल. एक गोळी झाडायची, लिव्हर खाली, रिकामं काडतूस बाहेर, मग नळीत फुंकायचं, मग वहीत नोंद, मग धूर कुठल्या बाजूला चाललाय ते बघत बसायचं, आणि मग दुसरी. शेजारच्या बेंचवर तेवढ्या वेळात एकाची अख्खी मॅगझिन रिकामी होऊन परत भरूनही झाली होती. फायर थांबल्यावर पोरानं कानावरचे मफ गळ्यात घेतले आणि विचारलं, "मावशी, एवढ्या हळू बंदुकीनं लोक लढाया कशा काय करायचे?" मी तोंड उघडायच्या आत त्याचा मामाच बोलला, "अरे, तेव्हा सगळ्यांकडे असल्याच होत्या ना!" पोराचं समाधान झालं, मामा आपलं टार्गेट बघायला चालता झाला, आणि मी त्या 'सगळ्यांकडे'पाशी अडकून बसले ती अजून तिथेच आहे.

सगळ्यांकडे नव्हत्या. सगळा घोळ तिथेच तर आहे.

पण आधी ही बंदूक हळू का वाटते ते सांगते. हिच्या ट्रिगर गार्डमागे एक लांब लोखंडी लिव्हर आहे. ती खाली ओढली की आतल्या ठोकळ्याचं पुढचं टोक खाली झुकतं, नळीचं मागचं तोंड उघडं पडतं आणि आधीचं काडतूस मागे फेकलं जातं. नवीन काडतूस ठोकळ्याच्या पाठीवरच्या खोबणीत ठेवायचं, अंगठ्यानं पुढे सारायचं, लिव्हर वर घ्यायची, झालं. घोडा चढवायचा नाही, कारण बाहेर घोडाच नाही, सगळी यंत्रणा पोटात. उजव्या अंगाला थेंबाच्या आकाराची एक लोखंडी खूण असते, तिच्या कलावरून कळतं की आतला स्प्रिंग चढलाय की उतरलाय. ही झुकत्या ठोकळ्याची कल्पना मूळची बॉस्टनच्या हेन्री पीबॉडीची, त्याचं पेटंट 1862 चं, पण त्याच्या बंदुकीला घोडा बाहेर होता. स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या फ्रीडरिश फॉन मार्टिनीनं तो काढून सगळं आत नेलं, एडिंबराच्या अलेक्झांडर हेन्रीनं नळीच्या आत गोळीला फिरवणाऱ्या सात चरांची रचना दिली, आणि 1871 मध्ये ब्रिटिश सैन्यानं ती स्वीकारली. त्याच्या जेमतेम दहा वर्षं आधी शिपाई तोंडाकडून दारू आणि गोळी गजानं ठासत होता. तयारीचा गडी असला तर मिनिटाला तीन. मार्टिनीनं तोच गडी मिनिटाला बारापर्यंत जायचा. म्हणजे जी बघून त्या पोराला जांभई आली ती तिच्या काळात भयंकर वेगवान होती. आज मला जो निवांतपणा आवडतो तो मी तिच्यावर लादलेला आहे. ज्यांनी ती बनवली त्यांना निवांतपणा नको होता, त्यांना दोन गोळ्यांमधली फट बुजवायची होती. मी ती फट परत उघडते आणि तिच्यात बसून राहते.

ती फट कशी असते ते मला नीट सांगता आलं तर बरं होईल, कारण ब्लॅक पावडरच्या, म्हणजे जुन्या, धूर करणाऱ्या काळ्या दारूच्या बंदुका चालवणाऱ्यांचं खरं सुख तिथे असतं असं माझं मत आहे, निशाणात नाही. ट्रिगर जड आणि थोडा खरखरीत, ओढता ओढता वाटतं आता सुटेल, आता सुटेल, आणि ज्या क्षणी वाटायचं थांबतं त्या क्षणी सुटते. 31 ग्रॅमची शिशाची गोळी, मागे साडेपाच ग्रॅम दारू, आणि बंदूक स्वतः चार किलोच्या आसपास. आधुनिक रायफल थप्पड मारते, ही नुसती ढकलते, असं लोक कौतुकानं सांगतात. जे दोन-चार गोळ्या झाडून घरी जातात तेच असं सांगतात. दुपार उलटेपर्यंत खांदा बोलायला लागतो आणि दुसऱ्या दिवशी कॉलरच्या हाडाखाली जांभळट डाग उठतो. आवाजही वेगळा, तडतडीत नाही, जाड, पोटात शिरणारा. आणि मग धूर. पांढरा, घट्ट, बेंचपासून पुढचं सगळं पुसून टाकणारा. वारा नसेल तर टार्गेट जातं, टार्गेटमागचा मातीचा बांध जातो, आपल्या बंदुकीची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, तीसुद्धा दिसत नाही. पाचशे यार्डांवर लोखंडी पाटी टांगलेली असेल तर गोळीला तिथे पोचायला साधारण दीड सेकंद लागतो, आणि पाटीचा आवाज परत यायला आणखी जवळपास तेवढाच. म्हणजे झाडल्यावर तीन सेकंद तुम्ही धुरात बसून ऐकत असता. काही दिसत नाही, काही करण्यासारखं नाही. टण्ण असं आलं तर आलं. नाही आलं तर कुठे गेली हेसुद्धा कळत नाही, शेजारी दुर्बीण लावून बसलेल्यानं सांगितलं तर.

मग फुंकणं. नवीन माणसाला हे फार विचित्र वाटतं. काडतुसाच्या मापाची एक पोकळ नळी चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या जागेत, बसवायची, तिला तोंड लावायचं आणि सावकाश, लांब श्वास बॅरलमध्ये सोडायचे. पहिला श्वास गेला की पुढच्या तोंडातून राहिलेला धूर आळसावल्यासारखा बाहेर येतो. कारण साधं आहे, ब्लॅक पावडर जळते पण पुरती वायू होत नाही, निम्म्याहून जास्त भाग घन राहतो. त्यातला काही धूर होऊन उडतो आणि बाकीचा नळीत चिकटतो. कोरड्या हवेत तो थर कडक होतो, पुढची गोळी त्यावरून घासत जाते आणि कुठेही जाते. श्वासातला ओलावा मिळाला की तो मऊ पडतो. किती श्वास द्यायचे हे हवेवर ठरतं, दमट दिवशी कमी, उन्हाळ्यात जास्त, आणि एकदा पुरेसं वाटलेलं माप तासाभरात पुरेनासं होतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या लोखंडात आपली वाफ सोडत बसलेली बाई लांबून कशी दिसत असेल याचा मी विचार करत नाही. चेंबर आधी उघडून, रिकामं आहे हे डोळ्यांनी बघूनच तोंड लावायचं, एवढं मात्र प्रत्येकाला सांगते.

घरचं काम याहून मोठं. या मापाची काडतुसं कुठेही सहज मिळत नाहीत, म्हणून बरेच जण 24 गेजची पितळी शॉटगन काडतुसं घेऊन डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून त्यांना मार्टिनीची बाटलीसारखी मान काढतात. डायमध्ये जाताना पितळ कधी निमूट वळतं, कधी मानेपाशी चुरगळतं, तापवून मऊ केलेलं असलं तर बरं वागतं. गोळी शिसं आणि कथलाची, लष्कराचं मूळ प्रमाण बारास एक. तिच्याभोवती कागद गुंडाळायचा, दोन वेढे, टोकं तिरकी कापलेली म्हणजे शिवण गोळीवर तिरपी जाते, टोकाला टोक भिडलं पाहिजे पण टोकावर टोक चढता कामा नये. कागद ओला करून गुंडाळतात, वाळला की आवळून बसतो, खालचं शेपूट पिळून आत दुमडायचं. पातळ, बळकट, सुती लगद्याचा कागद बोटाखाली कसा फिरतो हे एकदा कळलं की हात आपोआप करतो, आणि तेव्हा डोक्यात दुसरे विचार यायला जागा होते, ते पुढे सांगते. काडतुसात दारू घातल्यावर वर पुठ्ठ्याची चकती, मेणाची चकती, आणि पितळ मूळच्यापेक्षा जाड-पातळ असल्यामुळे जी मोकळी जागा उरते तिच्यात काही जण रवा भरतात. हो, रवाच. स्वयंपाकघरातल्या डब्यातला. गोळी सुटताना रवा गुपचूप उडून जातो आणि नळीतून गेलेला कागद तोंडाशी फाटून बारीक कपटे होऊन बेंचपुढे गवतावर पडतो. ते कपटे उचलून बघायचे असतात. त्यांच्यावर नळीतल्या चरांच्या रेघा स्वच्छ उमटलेल्या असल्या तर कागद बरोबर बसला होता.

आणि मेणाबरोबर चरबी. नुसतं मेण कडक पडतं, म्हणून त्यात काहीतरी स्निग्ध घालावं लागतं, आणि जुनी कृती म्हणजे मधमाशीचं मेण आणि जनावराची चरबी. आजही पुष्कळ नेमबाज बकऱ्याची चरबी वितळवून घालतात, कुणी लोकरीतून निघणारं लॅनोलिन, कुणी ऑलिव्ह तेल. मंद आचेवर एका भांड्यात दुसरं भांडं ठेवून ते मिश्रण ढवळताना मधाचा वास येतो, त्याच्या मागोमाग चरबीचा, आणि मला दरवेळी 1857 आठवतं. आठवणारच. आपण शाळेत ते काडतुसाचं प्रकरण एवढं घोकलेलं असतं की त्यात खरी चरबी होती, खरा कागद होता, दातानं फाडताना ओठाला लागणारी खरी चव होती हे डोक्यात येत नाही. माझ्या लक्षात ते आलं भांडं ढवळताना. त्या वर्षीच्या जानेवारीतच हुकूम निघाला होता की काडतुसं चरबी न लावता द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचं मिश्रण स्वतः लावावं. म्हणजे माझ्यासमोरचं हेच भांडं, प्रत्येकाचं वेगळं. तोपर्यंत विश्वास उडालेला होता, कागदाच्या चकाकीवरही संशय येत होता, आणि मार्चअखेरीस बराकपूरला जे झालं ते झालं. मी तेल घालते. शास्त्र म्हणून नाही, सोवळं म्हणूनही नाही, चरबीचा वास हाताला दोन दिवस राहतो म्हणून. पण घालताना दरवेळी आपण कुठल्यातरी जुन्या वादात मत देतोय असं वाटतं खरं.

दारूचंही तेच. 75 भाग सोरा, 15 कोळसा, 10 गंधक. कोळसा कुठेही होतो, गंधक मिळवता येतो, अडतो सोरा. आणि अठराव्या शतकापासून इंग्रजांच्या तोफा-बंदुकांना लागणारा सोरा मोठ्या प्रमाणात बिहारमधून जायचा, पाटण्याहून बोटीनं खाली. गुराढोरांच्या आणि माणसांच्या वस्तीभोवतालची खारट माती खरवडायची, पाण्यात झिरपवायची, ते पाणी उकळवायचं, हे नोनिया लोकांचं पिढीजात काम. म्हणजे ज्यांच्यावर बंदूक रोखलेली होती त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी गोठ्यामागची माती त्या बंदुकीत होती. कुणी याला दैवाचा खेळ म्हणेल, मी म्हणणार नाही, तो साधा हिशोबी व्यापार होता.

आता त्या 'सगळ्यांकडे'कडे येते.

22 जानेवारी 1879, दक्षिण आफ्रिकेतलं रोर्क्स ड्रिफ्ट. या बंदुकीच्या चाहत्यांची ही आवडती रात्र, मार्टिनी हातात घेतलेल्या दहातल्या नऊ जणांना ती पाठ असते. दीडशेच्या आसपास माणसं, त्यांतली काही आजारी, समोर हजारो झुलू, अकरा व्हिक्टोरिया क्रॉस वगैरे. मला त्यातला एकच आकडा छळतो. जवळपास 20,000 गोळ्या त्या रात्रीत झाडल्या गेल्या, आणि मेलेले झुलू मोजले ते साडेतीनशेच्या थोडे वर. म्हणजे एका माणसामागे पन्नासेक गोळ्या, आणि अंतर बऱ्याचदा हाताच्या पोचीतलं. जखमी होऊन गेलेले, नंतर मेलेले धरले तरी एका माणसामागे पुष्कळ गोळ्या उरतातच. ज्यानं कधी ब्लॅक पावडर चालवली नाही तो म्हणेल, नेम वाईट होता. ज्यानं चालवलीय त्याला कळतं की अंधारात, आपल्याच धुरात, शंभर बंदुकांच्या धुरात, नळी इतकी तापलेली की लाकडाच्या पुढे हात सरकला तर कातडी चिकटेल, खांदा सुजलेला, नळी काजळीनं दाटलेली, अशा वेळी नेम हा शब्दच उरत नाही. लोक पुढच्या लाकडाभोवती गुराचं कातडं शिवून घ्यायचे ते यासाठीच. मला रेंजवर, सावलीत, पाण्याची बाटली शेजारी ठेवून, दोन गोळ्यांमध्ये वहीत नोंदी करताना ती नळी हात लावून बघायची सवय आहे. थोड्याच वेळात बोट टेकवत नाही. आणि मी तर फुंकत-फुंकत झाडणारी.

पण समोरचे? त्यांच्याकडे भाले होते, ढाली होत्या, आणि थोड्या बंदुका होत्या त्या बहुतेक जुन्यापान्या, तोंडाकडून भरायच्या. त्याच दिवशी, काही तास आधी, थोड्याच मैलांवर इसांडल्वानाला याच मार्टिनी-हेन्री असलेल्या फौजेतली तेराशेच्या वर माणसं याच भाल्यांनी मारली, हेही खरं, आणि तिथल्या बंदुका उचलून नेल्या हेही खरं. त्यामुळे बंदूक होती म्हणून जिंकले, नव्हती म्हणून हरले, एवढं सरळ ते नाही. तरी 'सगळ्यांकडे' हा शब्द तिथे बसत नाही म्हणजे नाहीच.

दुसऱ्या वर्षी 27 जुलै 1880, अफगाणिस्तानातलं मैवंद. इथे तर एकाच बाजूच्या माणसांच्यात भेद. ब्रिगेडमध्ये गोऱ्यांची 66 वी पलटण, तिच्या खांद्यावर मार्टिनी-हेन्री. शेजारी मुंबई लष्कराच्या दोन पलटणी, बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स, त्यांच्या खांद्यावर स्नायडर. एक पिढी मागची. ही काही पुरवठ्याची गडबड नव्हती, 1857 नंतर हिंदी शिपायाच्या हातात गोऱ्याच्या हातातल्यापेक्षा एक पायरी खालचं हत्यार द्यायचं हे ठरवून केलेलं धोरण होतं. मैवंदला हजाराच्या आसपास माणसं पडली. स्नायडरमुळे हरले असं मी म्हणणार नाही, तिथे ऊन होतं, पाणी नव्हतं, समोरच्या अफगाण अयूब खानाच्या तोफा जास्त होत्या, आणि एकदा बाजू कोसळल्यावर कुठल्या बंदुकीनं काय फरक पडणार होता. पण दोन रांगा शेजारी शेजारी उभ्या आहेत, एकीला नवी, एकीला जुनी, आणि दोन्हींवर मरण मात्र सारखंच येतंय, हे चित्र माझ्या डोळ्यापुढून हलत नाही. आणि मला जेव्हा कुणी विचारतं की तू स्नायडर का घेतलीस, मार्टिनी जास्त चांगली चालते, तेव्हा मी काहीतरी थातूरमातूर सांगते.

चालते ती बरी, स्नायडर. म्हणजे मूळची एन्फील्ड, 1853 ची, तोंडाकडून भरायची. तिची नळी मागून कापून तिथे उजवीकडे उघडणारं झाकण बसवलं. जेकब स्नायडर नावाच्या अमेरिकन माणसाची युक्ती, ब्रिटिश सैन्यानं 1866 मध्ये घेतली, आणि त्याच वर्षी तो कर्जात बुडालेला, पैसे हातात न पडता मेला. तिचं वागणं मार्टिनीपेक्षा फार घरगुती आहे. घोडा चढवायचा, झाकण उजवीकडे उघडायचं, मागे ओढायचं म्हणजे रिकामं काडतूस निम्मं बाहेर येतं, पण पडत नाही. ते पाडायला आख्खी बंदूक उजवीकडे उलटी करायची आणि झटकायची. तो झटका हाताला बसला की मग सुटत नाही, मी दुसऱ्याच्या बंदुकीलाही तो देते. 14.65 मिलिमीटरची नळी, गोळीच्या बुडाला खड्डा, आणि हवेतून जाताना ती इतकी संथ जाते की उन्हाच्या कोनात दुर्बिणीतून कधीकधी पाठमोरी दिसते. शेजारचा माणूस 'अरे दिसली!' म्हणून ओरडतो आणि सगळे हसतात. हे हसू खोटं नाही. मी ते नाकारणार नाही.

माझी स्नायडर नेपाळहून आलेली आहे. 2003 मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखान्यातून, म्हणजे शस्त्रागारातून, जुन्या हत्यारांचा प्रचंड साठा बाहेर गेला, वाळून टणक झालेल्या ग्रीसखाली दडलेला, त्यातली ती एक. ग्रीस काढायला मला किती चिंध्या लागल्या विचारू नका. मनगटापाशी लाकूड तडकलेलं होतं, ते आतून पितळी खिळा घालून कुणीतरी फार जुन्या काळी जोडलेलं, इतकं सुबक की आधी दिसलंच नाही. आणि नळीच्या मागच्या बाजूला, ग्रीस खरवडल्यावर, हळूहळू देवनागरी वर आली. ठोकून ठोकून उमटवलेले आकडे, थोडे वाकडे, मात्रा चुकलेलं एक अक्षर. रेंजवर एका म्हाताऱ्या संग्राहकानं त्यावर भिंग धरून विचारलं, ही कुठली लिपी, तुला काही लागतं का? मी वाचून दाखवलं. तो फार खूश झाला, त्याला वाटलं आता काहीतरी मोठं कळणार. निघाला काय, पलटणीचा असावा असा एक आकडा आणि कपाटातला असावा असा दुसरा. मला वाचता आलं आणि कळलं काहीच नाही. कुणाच्या खांद्यावर होती, कुठे नेली, एकदा तरी झाडली का, की सगळं आयुष्य सलामीत गेलं. इंग्रजांच्या कारखान्यात तयार झालेलं यंत्र, त्यावर इंग्रजी मुकुटाचा शिक्का आणि त्याच्या शेजारी आपले आकडे, एवढंच. तसं पाहिलं तर मार्टिनीच्या बाबतीत लिपीची गंमत दुसरीकडे आहे, वायव्य सरहद्दीवरच्या कारागिरांनी हातानं बनवलेल्या नकलांवर इंग्रजी अक्षरं उलटी कोरलेली सापडतात, आणि व्हिक्टोरियाचा शिक्का मारून खाली तिच्या मरणानंतरचं साल. अशी बंदूक चालवायची नसते, लोखंड कसलं असेल सांगता येत नाही. पण त्या कारागिराला अक्षर न वाचता नुसतं डोळ्यानं उतरवताना मी पुष्कळदा कल्पनेत बघितलंय आणि तो मला मुकुट ठोकणाऱ्या कारखान्यापेक्षा जवळचा वाटतो.

या सगळ्याचं काय करायचं हे मला माहीत आहे असं नाही. रेंजवरची काही मंडळी फक्त लोखंड बघतात, त्यांना इतिहास म्हणजे बंदुकीच्या आवृत्त्या, मार्क एक, मार्क दोन, मार्क तीन. काही जण जुन्या ब्रिटिश शिपायांसारखे लाल कोट घालून येतात. एकदा एका लाल कोटवाल्यानं फार प्रेमानं मला विचारलं होतं की तूही कुठल्यातरी पलटणीचा पोशाख का करत नाहीस, हिंदी पलटणीचे पोशाख काय देखणे होते. देखणे होतेच. मी नको म्हटलं आणि कारण सांगत बसले नाही. इतिहास वाचून बंदूक विकून टाकणाराही एक जण बघितला, त्याचंही मला पटलं नाही, कारण त्यानं ती विकली म्हणजे दुसऱ्या कुणी विकत घेतली, प्रश्न फक्त कपाट बदलून गेला. मला दारूचा वास आवडतो, लिव्हरचा खणखणीत आवाज आवडतो, टण्ण आवडतं. आणि ज्या संध्याकाळी हे सगळं फार आवडलेलं असतं त्याच संध्याकाळी मैवंद जास्त आठवतं. एक आलं म्हणून दुसरं कमी होत नाही. एवढं तरी मी आता ओळखते.

बाकी हा सगळा प्रकार टिकला किती, तर वीस वर्षं. फ्रेंचांची शासपो 1866 ची, कागदी काडतुसाची. मग अमेरिकेची ट्रॅपडोअर, जर्मनांची 1871 ची माउझर, फ्रेंचांची 1874 ची ग्रा, अमेरिकेतल्याच ऱ्होड आयलंडमध्ये बनून तुर्कांच्या हातात गेलेली पीबॉडी-मार्टिनी, जिनं 1877 मध्ये रशिया-तुर्की युद्धात प्लेव्हनाला लांबूनच रशियन रांगा फोडल्या. सगळ्या एका वेळी एक गोळी घेणाऱ्या, सगळ्या धूर करणाऱ्या. 1884 मध्ये पॉल व्हिएलनं धूर न करणारी दारू काढली, 1886 मध्ये फ्रेंचांनी तिच्यावर चालणारी लेबेल आणली, आणि कोट्यवधी रुपयांची ही सगळी घराणी एका झटक्यात गोदामात गेली. जुनी झाली म्हणून ती कुणाला दिली गेली, ते वर आलंच आहे.

संध्याकाळी साफसफाई. ही टाळता येत नाही, दुसऱ्या दिवसावर टाकता येत नाही, काजळी हवेतलं पाणी ओढते आणि लोखंड खायला लागते. कडकडीत पाणी नळीतून ओतायचं, खाली काळं, मग करडं, मग स्वच्छ. पाणी लागलं की कुजक्या अंड्यांचा वास सुटतो आणि घरातले सगळे उठून दुसऱ्या खोलीत जातात. गरम पाण्याचा फायदा हा की नळी आपल्याच उष्णतेनं वाळते, मग तेलाचा बोळा. लाकडाला अळशीचं तेल, थेंबभर, तळहातानं चोळून. रायफल पुसताना तळहाताला तडकलेली जागा लागते आणि तो पितळी खिळा लागतो.

परवाच्या त्या मामाचं मात्र आता वेगळंच सुरू झालंय. त्याला एक गहेंद्र मिळालीय. नेपाळमध्येच बनलेली, मार्टिनीच्या धर्तीवर, जनरल गहेंद्र शमशेरच्या नावाची, हातानं घडवलेली, त्यामुळे एकीचा भाग दुसरीला बसेलच असं नाही. आत गुंडाळीचा नाही, चपटा स्प्रिंग. दिसायला अतिशय सुंदर आणि बहुतेक जाणकार तिला भिंतीवरच ठेवतात, कारण लोखंड आणि जुळणी दोन्हींची खात्री देता येत नाही. हा म्हणतो, अर्धीच दारू घालून, दोरी लावून लांबून एकदा तरी झाडून बघू. मी म्हटलं, नको. तो म्हणाला, अगं, आपल्याकडच्या माणसांनी स्वतः बनवलेली एवढी एकच बंदूक आपल्या हातात आलीय आणि तीच तू गप्प बसवतेस, इंग्रजांची मात्र दर आठवड्याला बोलवतेस. यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही, आणि जे नंतर सुचलं ते लोखंडाबद्दलच होतं, की एन्फील्डच्या नळीची चाचणी झाल्याचा शिक्का तिच्यावर आहे आणि हिच्यावर तसला काही नाही. तो म्हणाला, शिक्का कुणाचा? आम्ही अजून भांडतोय. सध्या त्यानं चेंबरचा साचा काढायला घेतलाय, माप बघू, ठोकळा किती हलतो ते बघू, मग बोलू असं ठरलंय, आणि भाचा त्या साच्यासाठी धातू वितळवायला हौसेनं जातोय.